भित्यापाठी ब्रह्मराक्षस, भाग दुसरा

एक माणूस स्वयंपाकघरात स्वतःच्याच उजव्या हाताचा मार खातोय. हात त्याचे केस पकडतो, डोकं ओट्यावर आपटतो, एकामागून एक बशा त्याच्या टाळक्यात फोडतो, मानगूट धरून त्याला कोलांटी मारायला लावतो. माणूस बेशुद्ध पडला तरी हाताचं समाधान होत नाही. बोटांनी फरशी खरवडत तो त्या आडव्या देहाला सुऱ्याच्या दिशेने ओढत नेतो. मग शुद्धीवर आलेला माणूस तोच हात सुरीने जमिनीला खिळवतो आणि झाडं कापायच्या यांत्रिक करवतीने मनगटापासून वेगळा करतो. तुटलेल्या हातावर बादली उपडी घालतो. हात बादली ढकलून पळू नये म्हणून वर पुस्तकांचं वजन ठेवतो. सगळ्यात वरचं पुस्तक हेमिंग्वेचं : ‘अ फेअरवेल टू आर्म्स’.

सॅम रायमीच्या ‘एव्हिल डेड २’मधला (१९८७) हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब ठेवलेला नाही. दर वेळी एकच गोष्ट नव्याने पटते. मारामारीच्या या भागात भूत दाखवायला जवळपास काहीच खर्च आलेला नाही. ब्रूस कॅम्पबेल नावाचा भक्कम हनुवटीचा नट आणि काही बशा, बास. मारणारा तोच, मार खाणाराही तोच. तरीही तो हात म्हणजे दुसरंच कुणीतरी आहे याबद्दल आपल्या मनात शंका येत नाही, कारण कॅम्पबेलचे डोळे त्या हाताला मनापासून घाबरलेले असतात.

भीती दाखवायला पैसे लागतात, घाबरणं दाखवायला चेहरा पुरतो. कमी पैशांतल्या विनोदी भुताटकीचं सगळं अर्थशास्त्र मला तरी एवढंच वाटतं. आणि या सिनेमांचे दुसरे-तिसरे भाग लोक इतक्या प्रेमाने का बघतात, याचं उत्तरही तिथेच असावं. आपण भुताला पुन्हा भेटायला जात नाही. आपण भित्र्याला भेटायला जातो.

गंभीर भयपटांच्या मालिकांशी ताडून बघा. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या पहिल्या भागात (१९८०) खून करणारी जेसनची आई होती. जेसन स्वतः कामाला लागला तो दुसऱ्या भागात, आणि त्याचा तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा आला १९८२च्या तिसऱ्या भागात. म्हणजे खुनी भागाभागाने घडत गेला. मरणारी पोरं-पोरी मात्र दर वेळी बहुतेक नवीच, त्यांची नावं कोणाच्या लक्षात आहेत? विनोदी भुताटकीत सगळं उलटं असतं. भूत बदललं तरी चालतं, जागा बदलली तरी चालते. पण गेल्या खेपेला ज्याची बोबडी वळली होती तो गडी पुन्हा दिसला पाहिजे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो असं आपण म्हणतोच. मालिकेत फरक एवढाच की ब्रह्मराक्षस नवा आणि भित्रा जुना.

रायमीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण ती पैशांच्या अडचणींची गोष्ट आहे. रायमी, कॅम्पबेल आणि निर्माता रॉबर्ट टॅपर्ट ही मिशिगन राज्यातली तरुण मंडळी. त्यांनी आधी नमुना म्हणून ‘विदिन द वुड्स’ नावाचा छोटा सिनेमा केला. तो दाखवत ते डेट्रॉइट परिसरातल्या डॉक्टर-व्यावसायिकांचे उंबरे झिजवत फिरले, आणि जमलेल्या पैशांतून टेनेसीतल्या एका ओसाड लाकडी घरात ‘द एव्हिल डेड’ उभा राहिला. खर्च पावणेचार लाख डॉलरच्या आसपास. जंगलातून धावत येणारी अदृश्य शक्ती दाखवायची होती, पण तसा कॅमेरा चालवायची साधनं परवडणारी नव्हती. मग एका फळीवर कॅमेरा ठोकला आणि दोन्ही टोकं धरून दोघं जण झाडाझुडपांतून पळत सुटले. पुढे या युक्तीचं जगभर कौतुक झालं. मुळात ती दारिद्र्यातून सुचलेली होती.

१९८१च्या ऑक्टोबरात डेट्रॉइटमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. भयकथाकार स्टीफन किंगने तो कान महोत्सवात पाहिला, त्याची तोंड भरून स्तुती लिहिली आणि सिनेमा मार्गी लागला. त्यानंतरचा रायमीचा ‘क्राइमवेव्ह’ मात्र आपटला. पुन्हा उभं राहायचं तर भुताच्या घरी परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इथेही किंगच मदतीला आला. तो तेव्हा निर्माते डिनो डे लॉरेन्टिस यांच्यासाठी स्वतःचा सिनेमा करत होता. त्याने डिनोंकडे या पोरांसाठी शब्द टाकला आणि साडेतीन-एक दशलक्ष डॉलर मिळाले. पहिल्याच्या जवळजवळ दहापट, तरी हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम फुटकळच होती. घराच्या आतला सेट त्यांनी उत्तर कॅरोलायनातल्या वेड्सबरो गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत उभारला. रायमीचा धाकटा भाऊ टेड म्हातारीच्या भुताचा अवजड रबरी पोशाख घालून व्यायामशाळेतल्या उकाड्यात नाचत होता. एका दृश्यात पोशाखाच्या कानातून त्याचा साचलेला घाम उडताना दिसतो, आणि ते तसंच ठेवलेलं आहे.

पहिल्या भागातली दृश्यं वापरायचे हक्क वेगवेगळ्या वितरकांकडे विखुरलेले. मग ‘मागील भागात आपण पाहिलंत’ कसं दाखवणार? रायमीने अख्खी पहिली गोष्ट सुरुवातीच्या काही मिनिटांत नव्याने चित्रित केली. पहिल्या वेळी घरात पाच जण गेले होते, या वेळी ॲश (म्हणजे कॅम्पबेल) आणि त्याची मैत्रीण लिंडा दोघंच जातात, आणि लिंडाची नटीही वेगळी. हा दुसरा भाग की पहिल्याचीच पुनरावृत्ती, यावर सिनेमावेडे अजून भांडतात. रक्ताचं तर आणखी गमतीचं. अमेरिकी परीक्षण मंडळाकडून ‘एक्स’ प्रमाणपत्र येणार हे दिसत होतं, म्हणून सगळं रक्त लाल ठेवलं नाही. हिरवं, काळं, जमेल त्या रंगाचं रक्त भिंतींतून कारंज्यासारखं उडवलं. तरीही धाकधूक राहिलीच, तेव्हा ‘रोजबड’ नावाची वेगळी कंपनी पुढे करून सिनेमा प्रमाणपत्राविनाच प्रदर्शित केला.

आता या सगळ्या ओढाताणीतून उरलं काय? एक घर आणि एक घाबरलेला माणूस. नवी पात्रं येईपर्यंत कितीतरी वेळ पडद्यावर ॲश जवळपास एकटाच असतो. याच टप्प्यावर भिंतीवरचं हरणाचं मुंडकं त्याच्याकडे वळून खदाखदा हसायला लागतं. मग टेबलावरचा दिवा मान हलवत हसतो, पुस्तकं हसतात, कपाटं हसतात. ॲश आधी थिजतो, नंतर त्यांच्यासोबत हसू लागतो, दिव्याच्या तालावर खालीवर होत हसतो, आणि ते हसता हसता कधी रडण्याकडे वळलं ते कळत नाही. माझ्या दृष्टीने या प्रकारातला हा सर्वोत्तम मिनिट-दोन मिनिटांचा ऐवज. दोरीने हलणाऱ्या वस्तू आणि वेडाच्या काठावरचा एक चेहरा, याशिवाय त्यात काही नाही. पहिल्या भागात हे शक्य नव्हतं. तिथे ॲश इतरांसारखाच एक पोरगा होता. त्याचं सोसणं एकदा पाहून झाल्यावरच, दुसऱ्यांदा त्याच घरात शिरताना आपण दार उघडायच्या आधी हसायला लागतो.

ही युक्ती रायमीने शोधली असं मात्र नाही. १९४८ साली युनिव्हर्सल स्टुडिओने आपली म्हातारी झालेली भुतं, म्हणजे ड्रॅक्युला, लांडगामाणूस आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या तोंडी दिली. भुतं आपापल्या कामात गंभीर होती. बेला लुगोसी तर ड्रॅक्युला म्हणून तितक्याच रुबाबात वावरला. हशा पिकवला तो शब्द घशात अडकलेल्या गुटगुटीत लू कॉस्टेलोने. पुढे ही जोडी अदृश्य माणसाला भेटली, ममीला भेटली. भुतं येत-जात राहिली, कॉस्टेलोची बोबडी कायम राहिली.

आपल्याकडचं याहून स्वस्त उदाहरण म्हणजे ‘प्यार किये जा’मधला (१९६६) प्रसंग. मेहमूद ओमप्रकाशला आपल्या भयपटाची गोष्ट ऐकवतो. दाराची करकर, पावलं, वाऱ्याचं घोंगावणं सगळं स्वतःच्या तोंडाने काढतो. भूत नाही, वाडा नाही. ओमप्रकाशचा चेहरा तेवढा क्षणाक्षणाला पिळवटत जातो. लोकांनी सिनेमाची बाकीची गोष्ट विसरून टाकली, हा प्रसंग डोक्यात ठेवला.

रामसे बंधूंना हे जमलं नाही, असं माझं जरा कडवट मत आहे. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) विनोद भरपूर आहे, पण जगदीपचा विनोद एका अंगणात आणि अनिरुद्ध अगरवालचा राक्षस सामरी दुसऱ्या, दोघांची फारशी गाठच पडत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ‘थ्री-डी सामरी’ आणला, तेव्हा परत काय आलं? फक्त सामरी, आणि तोही चष्मा लावून बघायचा.

याउलट तमिळ नट-दिग्दर्शक राघव लॉरेन्सला हे नेमकं उमगलं. ‘मुनी’ (२००७), मग ‘कांचना’ (२०११), मग तिचा दुसरा भाग, तिसरा भाग. हिंदीत आवाज दिलेल्या या सिनेमांनी आपल्याकडच्या दुपारच्या टीव्हीवर किती राज्य केलं, हे ज्यांच्या घरी रिमोट ज्येष्ठांच्या हाती असतो त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे जेवणानंतर वामकुक्षीच्या बेताने टीव्हीसमोर बसलेली माणसं कांचनामुळे चहापर्यंत जागी राहिलेली मी पाहिली आहेत. दर भागात भूत नवं, त्याच्यावर झालेला अन्याय नवा. नायक मात्र तोच. दिवसा चार जणांना लोळवणारा आणि अंधार पडला की आईच्या कडेवर चढणारा धट्टाकट्टा गडी. आईचं काम करणारी कोवै सरला या सिनेमांचा निम्मा जीव आहे.

मागच्या भागात त्याने भूत अंगात घेतलं, खलनायकांचा निकाल लावला, सगळं झालं. पुढच्या भागात तो पुन्हा तितकाच भित्रा! तर्काने बघितलं तर हा सरळसरळ घोटाळा आहे. पण याच घोटाळ्यावर मालिका चालते. आणि लॉरेन्स आणखी एक पाऊल पुढे जातो : त्याच्याकडे भूत शिरतं ते या भित्र्याच्याच अंगात. ‘कांचना’ ही एका तृतीयपंथी व्यक्तीची हत्या झाल्यानंतरची गोष्ट, आणि ती भूमिका शरतकुमार या मोठ्या नटाने केली. सिनेमाचा पहिला अर्धा भाग ढोबळ, कधी कधी चक्क आचरट आहे, हे कबूल. पण जो स्वतः कोपऱ्यात थरथर कापत बसला होता, त्याच्याच तोंडून त्या मेलेल्या जिवाचा संताप बाहेर पडतो तेव्हा हसणारी खोली गप्प होते. शूर नायकाच्या अंगात भूत शिरायला दारच कुठे असतं? पुढे २०२० साली हीच गोष्ट हिंदीत ‘लक्ष्मी’ म्हणून आली. नायक अक्षयकुमार. त्याचं पात्र भुतांवर विश्वासच ठेवत नाही, मग भित्रा उरला कुठे?

कोकणात शिमग्याच्या नमन-खेळ्यात संकासुर येतो, तेव्हा हेच सगळं अंगणात चालतं. काळा वेश, उंच टोपी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवत मागे लागतात आणि तो वळला की किंकाळ्या फोडत घरात शिरतात. आत वाडीतला कोण आहे हे पोरांनाही ठाऊक असतं. पुढल्या शिमग्याला पुन्हा तोच वेश, तीच पळापळ. संकासुर फारसा सुधारला नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही.

मराठी पडद्यावर या पळापळीची गादी लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे सगळ्यांच्या लक्ष्याकडे होती. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या (१९८८) चकी या बाहुल्यावरून सुचलेला, हे उघड आहे. पण चकी अमेरिकी कारागिरांनी यंत्रं घालून हलवलेला होता, आणि आपला तात्या विंचू शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बाहुला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुला शेवटी बाहुलाच दिसतो. तो जिवंत होतो लक्ष्याच्या नजरेत. बाहुला बोलला हे त्याला समोरच्याला सांगायचंय, शब्द फुटत नाहीयेत, हातवारे होतायत, डोळे कपाळात गेलेत आणि समोरचा हे सगळं थट्टेवारी नेतोय. एका पिढीला तात्या विंचूने झोपेत घाबरवलं म्हणतात. माझा तर्क असा की त्या पिढीला लक्ष्याच्या घाबरण्याने घाबरवलं.

खरं तर ‘झपाटलेला’ कागदोपत्री पहिला भाग असला तरी प्रेक्षकांसाठी तो लक्ष्याचा कितवा तरी भाग होता. ‘धुमधडाका’, ‘दे दणादण’, ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’ अशी रांग आधीच लागली होती. नावं पुष्कळदा तीच, लक्ष्या आणि महेश. महेश शहाणा आणि धीट, लक्ष्याची तंतरलेली. ‘धडाकेबाज’मध्ये तर बाटलीतला चिमुकला गंगारामही बेर्डेच. प्रेक्षक तिकीट काढतानाच जुन्या ओळखीचा भित्रा बरोबर घेऊन आत शिरत होता, म्हणून तात्याला स्वतःची ओळख करून द्यायला फार वेळ लागला नाही.

आणि म्हणूनच ‘झपाटलेला २’ (२०१३) बघताना जीव हळहळतो. वीस वर्षांनी तात्या विंचू परत आला, तोही त्रिमितीत. आवाज प्रभावळकरांचाच, बाहुल्याची जबाबदारी पाध्यांचीच, इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणून कोठारे स्वतः हजर. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे, सोबत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे. मेहनतीत कुठे कसूर नाही. मराठीत त्रिमितीचं धाडस करणं सोपं नव्हतं, आणि चष्म्यातून तात्या अंगावर येतो तेव्हा पोरं ओरडत होती, हेही खरं. पण बेर्डे २००४च्या डिसेंबरातच गेले होते. तात्या पडद्याबाहेर हातभर आला, पण त्याला बघून ज्याची पाचावर धारण बसायची तो माणूस घरी नव्हता. नव्या नायकाला तात्याशी लढायचं होतं. लढणाऱ्यापुढे बाहुला फारच लहान दिसतो.

पैसा वाढला की हे असंच होतं का? सर्रास नाही, पण ओढ त्या दिशेने असते. रायमीचा तिसरा भाग ‘आर्मी ऑफ डार्कनेस’ आणखी काहीपट पैशांत झाला. मध्ययुगीन किल्ला, सांगाड्यांची फौज, आणि ॲश? तो आता ऐटबाज फुशारक्या मारणारा वीर. त्याची वाक्यं टी-शर्टांवर छापली गेली, चाहते त्याच भागाची पारायणं करतात. मला तो तितकासा जवळचा वाटत नाही, कारण किल्ला आणि फौज दाखवायला पैसे आल्यावर कॅमेऱ्याला एकाच चेहऱ्याकडे टक लावून बसायची गरज उरली नाही. ‘स्त्री २’मध्ये (२०२४) पैशाचा धोका होताच. धडावेगळ्या डोक्याचा सरकटा हे संगणकाने घडवलेलं खर्चिक भूत. तो माझ्या फारसा लक्षात राहिला नाही. चंदेरीचा शिंपी विकी आणि त्याची मित्रमंडळी मात्र पहिल्या भागाइतकीच टरकलेली होती, आणि विशेषतः अभिषेक बॅनर्जीचा जना एकदा गोंधळला की सरकट्याची आठवणही राहत नाही.

चकीच्या मालिकेने मात्र भित्र्याविनाच वाट काढली, आणि ती लबाडी मला मनापासून आवडते. ‘ब्राइड ऑफ चकी’मध्ये (१९९८) त्यांनी बाहुल्याला बायको दिली. जेनिफर टिलीच्या आवाजातली टिफनी त्याला भांडी घासण्यावरून वगैरे फैलावर घेते, आणि इतकी वर्षं लोकांना घाबरवणारा चकी स्वतःच कावराबावरा होतो. भित्रा सापडत नसेल तर भुतालाच भित्रं करा!

गेलेल्या नटांना संगणकाच्या जोरावर पुन्हा पडद्यावर आणायच्या गप्पा हल्ली जोरात आहेत. चेहरा आणतीलही. पण लक्ष्याची फजिती त्याच्या चेहऱ्याइतकीच त्याच्या उशीर होण्यात होती. भूत दिसल्यावर तो आधी काहीच करायचा नाही, दोन पावलं पुढे जायचा आणि मग थबकायचा. हा उशीर किती लांबवायचा ते त्यालाच कळायचं.

कुणाला ही वाट नव्याने धरायची असेल, तर माझा सल्ला उलटा आहे. ‘एव्हिल डेड’ सोडून थेट ‘एव्हिल डेड २’ लावा, मागची गोष्ट रायमी स्वतःच सांगून टाकतो. ‘कांचना’चा कुठलाही भाग कुठूनही धरा, काही बिघडत नाही. ‘झपाटलेला’ मात्र पहिलाच बघा, आणि घरात कोणी लहान असेल तर त्याला बाहुल्यापेक्षा लक्ष्याकडे बघायला सांगा.